मळा आणि कोंडवाडा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झाल्याच्या या मंगल प्रसंगीं मीं चार शब्द बोलावे अशी महोत्सव-मंडळाची इच्छा झाली, तेव्हां देवळाचा इतिहास सांगावा असें प्रथम माझ्या मनांत आलें. परंतु तें काम माझ्याहून जाणत्या मंडळींनीं उत्तम रीतीनें केलें आहे. शिवाय गेल्या पावसाळ्यांत घडलेला एक लहानसा प्रसंग माझ्या मनांतून जाईना. धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका मुलानें हात वर केला व विचारलें, "फादर, 'कल्ट' म्हणून ज्या मंडळ्यांविषयीं आम्ही ऐकतों, त्यांत आणि आपल्या धर्मांत भेद तरी काय? त्यांचे लोक थोडे, आपले पुष्कळ, एवढाच ना?" वर्गांत हंशा पिकला. मीं घड्याळाकडे पाहिलें. वेळ संपली होती, तेव्हां "पुढच्या रविवारीं सांगतों" असें म्हणून मीं आपली सुटका करून घेतली. पुढच्या रविवारीं तो मुलगा आला. मी मात्र तयार नव्हतों. आज मी त्याचें देणें फेडावयास उभा आहें.

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'कल्ट' हा शब्द लातिन भाषेंतील 'कुल्तुस' या शब्दापासून निघाला आहे, आणि सेमिनरींत आम्हांस तो अत्यंत पवित्र अर्थानें शिकविला जात असे. त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ जमीन कसणें, निगा राखणें, आणि त्यावरून पूजा करणें असा आहे. ख्रिस्तसभेच्या कायदेग्रंथांत संतांच्या सन्मानासंबंधीं जें प्रकरण आहे, त्याच्या मथळ्यांत आजहि हाच शब्द योजिलेला आहे. 'रिलिजन' या शब्दाची व्युत्पत्ति दोन प्रकारें सांगतात. रोमन पंडित सिसेरो तो 'पुन्हां पुन्हां वाचून उजळणी करणें' या अर्थाच्या धातूपासून काढतो, आणि लाक्टान्सियुस नांवाचा ख्रिस्ती ग्रंथकार 'बांधणें' या अर्थाच्या धातूपासून. आपल्या 'धर्म' या शब्दाचा धातु 'धृ', म्हणजे धारण करणें. बांधणें आणि धरणें या दोन अर्थांपाशींच आपल्या प्रश्नाचें मर्म आहे. पानवेल वर चढावी म्हणून आपला वाडीवाला तिला आधाराच्या झाडाशीं बांधतो. आणि घरांत शिरलेला दरोडेखोरहि घरधन्याला बांधतो. दोरी एकच असेल, गांठहि एकच असेल. परंतु एकीनें वेल वाढते, दुसरीनें मनुष्य लुटला जातो.

मराठींत या मंडळ्यांस सरसकट 'पंथ' म्हणण्याची रीत पडत आहे, ती मला रुचत नाहीं. वारकरी पंथ, नाथपंथ, महानुभाव पंथ यांनीं महाराष्ट्रास संत दिले, वाङ्मय दिलें. पंथ म्हणजे वाट. वाटेवरून मनुष्य जसा पुढें जातो तसा परतहि येऊं शकतो. ज्या गोष्टीविषयीं आज मी बोलणार आहें, तिला माझ्या मतें आपल्या गांवोगांवच्या ओळखीचा 'कोंडवाडा' हाच शब्द शोभतो. कोंडवाड्यांत गुरें आपखुषीनें जात नाहींत, आणि दंड भरल्यावांचून बाहेर येत नाहींत.

आतां ज्या कसोट्या लोक सामान्यतः लावितात, त्या किती लंगड्या आहेत तें पाहूं. पहिली कसोटी संख्येची. ती खरी मानली तर प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर यरुशलेमेंत एकत्र जमलेले सुमारें एकशेंवीस शिष्य 'कल्ट' ठरतील. दुसरी प्राचीनतेची, परंतु प्रत्येक जुनी गोष्ट एके काळीं नवी होतीच. संत पौलावर फिर्याद करणाऱ्या वकिलानें त्यास एका पाखंडी टोळीचा म्होरक्या म्हटलें होतें; आणि इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी यानें ख्रिस्ती लोकांची चौकशी करून बादशहा त्राजान यास जें पत्र पाठविलें, त्यांत आपला धर्म म्हणजे एक बेसुमार भोळेपणा आहे असाच अभिप्राय दिला. तिसरी कसोटी शिकवणुकीच्या विचित्रपणाची. बंधुहो, भाकरीच्या रूपांत परमेश्वर आहे असें मानणाऱ्या आपण तरी दुसऱ्याच्या विचित्रपणाविषयीं जपूनच बोलावें. चौथी कसोटी कडक त्यागाची. असिसीच्या संत फ्रान्सिसनें बापानें दिलेलीं वस्त्रें भर सभेंत, महागुरुस्वामींच्या समोर, उतरवून परत केलीं. आज्ञापालन, उपास, मौन, सर्वस्वाचा त्याग, हीं व्रतें आपल्या मठांत शतकानुशतकें चालत आलीं आहेत. तात्पर्य, बाहेरून पाहणाऱ्यास मळा आणि कोंडवाडा यांचें कुंपण सारखेंच दिसतें. त्या मुलाचा प्रश्न अगदीं रास्त होता.

हें सारखेपण कोणत्या थरास जाऊं शकतें, हें पाहावयाचें असेल तर आफ्रिका खंडांतील युगांडा देशाकडे पाहावें. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागांत इ. स. १९८९ च्या सुमारास 'देवाच्या दहा आज्ञांच्या पुनःस्थापनेची चळवळ' या नांवाची एक मंडळी उभी राहिली, आणि पुढें तिनें कानुंगू येथें आपलें मुख्य ठाणें केलें. तिच्या पुढाऱ्यांत जोसेफ किब्वेतेरे हा प्रतिष्ठित कॅथॉलिक गृहस्थ होता. पवित्र मरिया आपणास दर्शन देते असें सांगणारी क्रेडोनिया म्वेरिंदे ही स्त्री होती. आणि फादर डॉमिनिक कातारिबाबो हा अमेरिकेंत जाऊन उच्च शिक्षण घेतलेला धर्मगुरु होता. या शेवटच्या नांवापाशीं मी प्रत्येक वेळीं थबकतों. ज्या वर्गांत मी बसलों तसल्याच वर्गांत तो बसला होता. तेंच तत्त्वज्ञान, तेंच ईश्वरविज्ञान तो शिकला होता.

आरंभीं या मंडळींत आक्षेप घ्यावा असें फारसें दिसत नव्हतें. दहा आज्ञा पाळा, जपमाळ म्हणा, उपास करा, असें तेथें सांगत. परंतु हळूहळू कुंपण उंच होऊं लागलें. खोटी साक्ष देण्याचें पाप घडूं नये म्हणून अनुयायांनीं बोलणेंच सोडावें व हातांच्या खुणांनीं व्यवहार करावा, असा नियम झाला. पतिपत्नींचा सहवास बंद झाला. घरदार, जमीनजुमला विकून पैसा मंडळीच्या स्वाधीन करावा, असें ठरलें. दर्शनांतून मिळालेल्या संदेशांचें एक पुस्तक छापलेलें होतें. तें पुन्हां पुन्हां वाचावें लागे. तेथील महागुरुस्वामींनीं मंडळींत सामील झालेल्या धर्मगुरूंस धर्मसेवेची मनाई केली. तथापि ज्यांस दर घडीला स्वर्गांतून निरोप येतो, ते महागुरुस्वामींचें कशास ऐकतील?

इ. स. १९९९ च्या ३१ डिसेंबरला जगाचा अंत होणार, असें त्यांनीं सांगितलें होतें. ती रात्र गेली, सकाळ झाली, आणि जग जागच्या जागीं राहिलें. तेव्हां ज्यांनीं आपलीं घरें विकलीं होतीं, ते आपले पैसे परत मागूं लागले. मंडळीच्या इतिहासांत त्या मुक्या माणसांनीं उच्चारलेला हा पहिला प्रश्न असावा, आणि त्याचें उत्तर फार भयंकर मिळालें. नवी तारीख सांगण्यांत आली. बैल कापून मेजवानी झाली. आणि १७ मार्च २००० रोजीं कानुंगू येथील प्रार्थनागृहाचीं दारें-खिडक्या बंद करून आंत आग लावण्यांत आली. तीनशेंहून अधिक स्त्रिया, पुरुष व मुलें जळून मेलीं. पुढील दिवसांत मंडळीच्या इतर जागा पोलिसांनीं खणल्या, तेव्हां त्याच्याहि आधीं मारून पुरलेल्या माणसांचीं प्रेतें सांपडलीं. एकंदर मृतांचा आंकडा सातशेंच्या वर गेला. ज्यांनीं 'खून करूं नको' ही आज्ञा पुनः स्थापण्याचा विडा उचलला होता, त्यांच्या हातून हें घडलें.

हें केवळ एका देशाचें दुर्दैव, असें कोणी समजूं नये. दक्षिण अमेरिकेंतील गयाना देशाच्या जंगलांत जिम जोन्स या अमेरिकन धर्मोपदेशकाची वसाहत होती. त्यानें काळ्या-गोऱ्यांचा भेद न मानतां गरिबांस जेवूं घातलें होतें, म्हाताऱ्यांची सोय केली होती. म्हणून भली माणसें त्याच्या मागें गेलीं. १८ नोव्हेंबर १९७८ या एका दिवसांत तेथें ९१८ माणसें प्राणास मुकलीं. त्यांत तीनशेंहून अधिक मुलें होतीं. आणि अगदीं अलीकडे, इ. स. २०२३ मध्यें, केनिया देशांतील शाकाहोला येथील रानांत पॉल मॅकेंझी याच्या अनुयायांचीं चारशेंहून अधिक प्रेतें सांपडलीं. उपाशी राहून मेल्यास येशूची भेट होईल, असें त्यांस शिकविण्यांत आलें होतें. या तिन्ही ठिकाणीं ख्रिस्ताचें नांव घेतलें गेलें, हें आपण विसरतां कामा नये.

मग भेद कोठें आहे? माझ्या अल्प मतीस चार कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी प्रश्नाची. जेथें प्रश्न विचारणें हेंच पाप ठरतें, तेथें देव नसतो. कोणी तरी मनुष्य देवाच्या आड लपलेला असतो. संत पौल बिरुया येथें उपदेश करूं लागला, तेव्हां तेथील लोक त्याचें म्हणणें शास्त्राशीं दररोज ताडून पाहात, आणि प्रेषितांचीं कृत्यें लिहिणाऱ्या संत लूकनें त्याबद्दल त्यांस नांवें ठेविलीं नाहींत, उलट त्यांची थोरवी गाइली. अंत्युखिया येथें पेत्राचें वर्तन चुकलें, तेव्हां पौलानें सर्वांच्या देखत त्यास तोंडावर दोष दिला. जो पहिला पोप, त्यास एका सहकाऱ्यानें चारचौघांत सुनावलें, आणि ती हकीगत झांकून न ठेवतां ख्रिस्तसभेनें आपल्या पवित्र ग्रंथांत जतन केली. कोंडवाड्याच्या पुस्तकांत असलें पान कधींहि सांपडणार नाहीं.

दुसरी कसोटी दाराची. आंत येण्याचें दार सर्वच ठिकाणीं मोठें व सुशोभित असतें. बाहेर जाण्याचें दार कसें आहे, तें पाहावें. गयानांत लिओ रायन नांवाचे अमेरिकन लोकप्रतिनिधि वसाहतीची पाहणी करावयास गेले होते. हजार माणसांपैकीं अवघ्या पंधरा-सोळा जणांनीं त्यांच्याबरोबर परत जाण्याची इच्छा दर्शविली. तेवढेंहि जिम जोन्सला सहन झालें नाहीं. विमानाजवळ गोळीबार होऊन रायन व आणखी चौघे ठार झाले, आणि त्याच संध्याकाळीं वसाहतींत विषाचीं पिंपें भरण्यांत आलीं. आतां याच्या शेजारीं कफर्णहूम येथील प्रसंग ठेवून पाहा. प्रभूनें जीवनाच्या भाकरीविषयीं सांगितलें, तें पुष्कळ शिष्यांस कठीण वाटलें व ते सोडून गेले. प्रभूनें त्यांच्या मागें कोणास धाडलें नाहीं, त्यांस शाप दिला नाहीं, आपले शब्द पातळ केले नाहींत. त्यानें उरलेल्या बाराजणांकडे वळून, तुम्हांलाहि जावयाचें आहे काय, असें विचारलें. धनवान तरुण खिन्न होऊन गेला, तेव्हांहि प्रभूनें त्याला जाऊं दिलें. ज्या देवानें मनुष्यास 'नाहीं' म्हणण्याची शक्ति दिली, तोच 'होय' या शब्दाची किंमत जाणतो.

तिसरी कसोटी गुपितांची व पैशांची. आम्ही सेमिनरींत असतांना रेक्टर महाशयांपाशीं पापनिवेदन करीत नसूं. आपण होऊन मागितल्याशिवाय त्यांनीं तें ऐकूं नये, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. तरुणपणीं मला त्याचें कारण कळलें नव्हतें, आतां कळतें. ज्याच्या हातीं तुमचें भवितव्य आहे, त्याच्याच हातीं तुमचीं गुपितेंहि असूं नयेत. मठांतील वरिष्ठांनीं आपल्या हाताखालील लोकांस अंतःकरण उघडें करण्यास कोणत्याहि प्रकारें भाग पाडूं नये, असें इ. स. १९८३ च्या धर्मकायद्याच्या ६३० व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. सतरा वर्षें पूर्ण झाल्याशिवाय मठाच्या उमेदवारींत घेतां येत नाहीं. प्रथम व्रतें घेतात तीं तात्पुरतीं. तीं किमान तीन वर्षें चालतात, आणि एकवीस वर्षें पूर्ण होईपर्यंत कायमचीं व्रतें कोणासहि घेतां येत नाहींत. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली कीं ज्यास जावयाचें असेल त्यानें खुशाल जावें. प्रत्येक धर्मग्रामांत अर्थसमिति असलीच पाहिजे, असें ५३७ वें कलम सांगतें. आपले हिशेब या सभागृहाच्या फळ्यावर लागतात, तेव्हां कोणी कोणी मला म्हणतात, "फादर, तुमच्यावर आमचा विश्वास आहे, हें कशाला?" बंधुहो, विश्वास आहे म्हणूनच हिशेब लावावयाचा, विश्वास उडाल्यावर लावलेल्या हिशेबास पंचनामा म्हणतात. जिम जोन्स आपल्या लोकांकडून त्यांनीं न केलेल्या दुष्कृत्यांचेहि कबुलीजबाब लिहून घेई, आणि त्यांचे परवाने व मिळकती आपल्यापाशीं ठेवी. दोन्ही किल्ल्या एकाच्या कनवटीला गेल्या, कीं मळ्याचा कोंडवाडा होण्यास वेळ लागत नाहीं.

चौथी कसोटी, आणि माझ्या मतें सर्वांत मोठी, ही कीं, पुढाऱ्याच्या वर कोणी आहे कीं नाहीं? पोप महाराजांसहि धर्मगुरूपाशीं गुडघे टेकून पापनिवेदन करावें लागतें. ते शास्त्र बदलूं शकत नाहींत, दहा आज्ञांत अकरावी घालूं शकत नाहींत. सिएन्नाची संत कॅथरीन ही एका रंगाऱ्याची मुलगी, तिनें पोप अकरावे ग्रेगरी यांस निर्भीडपणें लिहिलें कीं, आपण फ्रान्स सोडून रोमला परत यावें, आणि इ. स. १३७७ मध्यें ते आले. जेथें पुढारी स्वतःच कायदा, स्वतःच साक्षीदार व स्वतःच न्यायाधीश असतो, तेथें मेणबत्त्या कितीहि लावल्या तरी उजेड पडत नाहीं.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, "वाहवा! म्हणजे आपण सुरक्षित!" तसें समजण्याइतका धोका दुसरा नाहीं. या चार कसोट्या दुसऱ्याच्या दारांत उभें राहून लावावयाच्या नसून प्रथम आपल्याच घरांत लावावयाच्या आहेत. आणि तसें केल्यास कित्येक वेळां आपणांस मान खालीं घालावी लागते. गोव्यांत इ. स. १५६० मध्यें जें धर्मन्यायालय स्थापन झालें व १८१२ मध्यें कायमचें बंद झालें, त्यानें दारावर पहारा बसविला होता. तेवढ्या काळापुरता, त्या जागेपुरता, मळ्याचा कोंडवाडा झाला होता, हें कबूल करण्यांत धर्माचा अपमान नाहीं. कबूल न करण्यांत आहे.

आणि फार मागें जाण्याचीहि गरज नाहीं. मेक्सिको देशांत इ. स. १९४१ मध्यें मार्सियाल मासियेल या धर्मगुरूनें 'ख्रिस्ताचें लीजन' नांवाचा संघ स्थापिला. तो वाढला, त्यांतून शेंकडों धर्मगुरु झाले. त्या संघांत नेहमींच्या तीन व्रतांखेरीज आणखी एक खासगी व्रत होतें: वरिष्ठांवर कधींहि टीका करावयाची नाहीं. या एका व्रताच्या आडोशास काय काय दडलें होतें, तें पुढें उघड झालें. इ. स. १९९७ मध्यें त्याच्या जुन्या शिष्यांनीं, लहानपणीं आपल्यावर त्यानें अत्याचार केले, असें जाहीरपणें सांगितलें. पुष्कळ वर्षें त्यांच्यावर कोणी विश्वास ठेविला नाहीं. इ. स. २००६ मध्यें रोमनें मासियेलला सार्वजनिक धर्मसेवेंतून दूर केलें, पुढच्या वर्षीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं तें खासगी व्रत रद्द केलें, आणि इ. स. २०१९ मध्यें त्या संघानेंच प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, संस्थापकानें निदान साठ अल्पवयीन मुलांवर अत्याचार केल्याचें मान्य केलें. त्या नऊ वर्षांच्या विलंबाचें समर्थन करण्यास मजपाशीं शब्द नाहींत. एवढेंच म्हणतों कीं, ज्या मापानें त्याचा न्याय झाला, तें माप आपल्या धर्मांत मुळापासून होतें. लहानांस अडखळविणाऱ्याविषयीं प्रभूनें जें सांगितलें, तें कोणा पुढाऱ्यास खोडतां आलें नाहीं. धर्म आणि कोंडवाडा यांत भेद हाच: धर्मांत पाप घडत नाहीं असें नव्हे; तर पापास पाप म्हणणारा आवाज तेथें मारून टाकतां येत नाहीं. परंतु तो आवाज दाबतां येतो. आणि आपण तो दाबतों, ही गोष्ट आतां मला माझ्याच बाबतींत सांगावयाची आहे.

फार वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी साहाय्यक धर्मगुरु असतांना, तेथें एक हुशार मुलगी होती. तिचें नांव-गांव मी सांगणार नाहीं. धर्मशिक्षणाच्या वर्गांत ती मला प्रश्नांनीं भंडावून सोडी. लहान अर्भकें कां मरतात? माझी हिंदु मैत्रीण नरकांत जाईल काय? एके दिवशीं, दमलेला होतों म्हणा, किंवा उत्तर ठाऊक नव्हतें म्हणा, मी तिला सर्वांसमक्ष म्हणालों, "चांगली मुलगी असले प्रश्न विचारीत नाहीं. विश्वास ठेव आणि गप्प बस." ती गप्प बसली. त्या दिवसापासून तिनें एकहि प्रश्न विचारला नाहीं, आणि मला वाटलें, मुलगी सुधारली.

दहा-बारा वर्षांनीं तिची आई माझा पत्ता काढीत मजकडे आली. मुलगी नोकरीनिमित्त परगांवीं गेली असतां एका प्रार्थनामंडळांत शिरली होती. पगार तेथें जाई. मोठ्या भावाच्या लग्नाला ती आली नाहीं. बाप अंथरुणाला खिळला तरी आली नाहीं, कारण घरचीं माणसें सैतानाच्या ताब्यांत आहेत असें तिला सांगण्यांत आलें होतें. आई रडत नव्हती. ती म्हणाली, "फादर, मीं तिला विचारलें, अग, आईबापांना टाकणारा हा कसला देव? तर म्हणते, असले प्रश्न विचारावयाचे नसतात, विश्वास ठेवावयाचा असतो. एवढी शहाणी पोर, हें कोठें शिकली?"

मला ठाऊक होतें, ती कोठें शिकली. बंधुभगिनींनो, जमीन मीं नांगरून ठेविली होती. दुसऱ्यानें येऊन फक्त बीं टाकलें. मीं त्या माउलीपाशीं तें कबूल केलें. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुम्ही निदान आज सांगितलेंत." जातांना मला म्हणाली, तिची खोली मीं झाडून ठेवतें, दिवा लावतें. मुलगी अजून आलेली नाहीं. पण सणावाराला पत्र येऊं लागलें आहे, आणि गेल्या पत्रांत तिनें एक प्रश्न विचारला होता: बाबांना आतां चालतां येतें काय? आईनें तें पत्र मला दाखविलें, तेव्हां त्या प्रश्नचिन्हाकडे मी पुष्कळ वेळ पाहात राहिलों.

ज्यांच्या घरांतील कोणी अशा कोंडवाड्यांत सांपडलें असेल, त्यांस मी अनुभवानें तीन गोष्टी सुचवितों. संबंध तोडूं नका. तुम्हीं दार लाविलें तर पुढारी म्हणतो तेंच खरें ठरतें. त्याच्या श्रद्धेची टवाळी करूं नका. हंसें झालेला मनुष्य परत येण्यास लाजतो. आणि वाद न घालतां साधे प्रश्न विचारा: पैशाचा हिशेब कोण तपासतो? सोडून गेलेल्यांविषयीं तेथें कसें बोलतात? पुढारी कधीं चुकला होता काय, आणि तें त्यानें कबूल केलें काय? मात्र लहान मुलांस इजा होत असेल, कोणास डांबून ठेविलें असेल, तर वाट पाहूं नका. सरळ पोलिसांत जा.

आणि आपल्या सर्वांस एक गोष्ट. इ. स. १९८६ मध्यें रोमनें या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत या मंडळ्यांवर नुसती आग न पाखडतां, आपले लोक तिकडे कां जातात, असा प्रश्न ख्रिस्तसभेनें स्वतःस विचारला आहे. माणसें तेथें चमत्कारासाठींच जातात असें नाहीं. तेथें कोणी तरी त्यांस नांवानें हांक मारतो, म्हणून जातात. आपल्या देवळांत रविवारीं मिस्सेनंतर शेवटच्या बाकावरून एकटाच उठून जाणारा तरुण किती जणांच्या ओळखीचा असतो? बाहेरगांवाहून भाड्यानें राहावयास आलेल्या कुटुंबाच्या दारीं आपल्यापैकीं किती जण गेले?

शेवटीं या भूमीचाच दाखला देतों. वसई प्रांतांत इ. स. १५३४ पासून पोर्तुगीजांचें राज्य होतें. आपल्या पूर्वजांपैकीं कोण मनापासून ख्रिस्ती झाला, कोण भीतीनें आणि कोण लाभासाठीं, हें एक परमेश्वर जाणे. परंतु इ. स. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, पोर्तुगीज गेले, राजाश्रय गेला. दार उघडलें. कांहीं घराणीं हिंदु धर्मांत परत गेलीं, आणि जीं गेलीं त्यांविषयीं आपल्या मनांत कडवटपणा असण्याचें कारण नाहीं. पुष्कळ राहिलीं. जोरजुलुम करणारा कोणी नसतांना, लाभ देणारा कोणी नसतांना, तीं जपमाळ हातीं धरून राहिलीं. माझ्या दृष्टीनें आपल्या धर्माचा खरा वाढदिवस तो. त्या दिवशीं कोंडवाड्याचें फाटक मोडलें, आणि आंत मळा आहे असें दिसून आलें.

त्या मुलास माझें उत्तर असें: बाळ, भेद संख्येचा नाहीं. जेथें तुला असा प्रश्न विचारतां येतो, विचारून घरीं जातां येतें, आणि पुढच्या रविवारीं परत आलास तर तुझी जागा तुझी वाट पाहात असते, तेथें धर्म आहे. ज्या दिवशीं या देवळांत तुला तसें करतां येणार नाहीं, त्या दिवशीं मी चुकलों असें समज, आणि उठून सर्वांच्या समक्ष मला तसें सांग.

आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवळास नवें दार बसविण्याचें मंडळानें ठरविलें आहे. सुताराला मीं एकच सूचना केली आहे. दार आंतून सहज उघडलें पाहिजे, आणि बाहेरूनहि.

प्रभु येशू ख्रिस्त, जो बळानें कोणासहि आपल्याकडे ओढीत नाहीं, तो या धर्मग्रामावर, येथून गेलेल्यांवर आणि परत येणाऱ्यांवर, सदैव कृपादृष्टि ठेवो. आमेन.